सांगलीतल्या ‘ली’चं काय करायचं?

पत्र थोडक्यात, ओळख लपवून:

सांगलीतल्या हळद-बेदाण्याच्या एका घरगुती पेढीतली सून. वय २९, बी.कॉम., शाळा सगळी मराठी मीडियम. बाहेरदेशच्या बायर लोकांचे ईमेल सासऱ्यांनी हिच्याकडे दिलेत. काम जमतंय, ऑर्डरी येतायत. पण पाचवीपासून इंग्लिश मीडियमला असलेला, पुण्यात एमबीए करून आलेला धाकटा दीर हिच्या मेलचे स्क्रीनशॉट काढतो, चुकीच्या शब्दाला लाल गोल करतो आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो. आत्तापर्यंत चार गोल झालेत. ‘अवर रेझिन्स टेस्ट स्वीटली’, ‘वी आर वर्किंग हार्डली ऑन युअर ऑर्डर’, ‘प्लीज रिप्लाय क्विक’, आणि चौथं ‘द ट्रक इज मूव्हिंग फास्ट’, तिथं दिरानं लिहिलं की ‘फास्टली पाहिजे, वहिनी’. खाली नणंदेचे हसणारे इमोजी. हिनं मोबाईलवर ग्रामर तपासणारं ॲप घेतलं, तर ते कधी ‘ली’ लावायला सांगतं कधी काढायला, का ते सांगत नाही. शाळेतलं एवढंच आठवतं की शेवटी ‘ली’ आला की क्रियाविशेषण, नसला की विशेषण. आता विचारते, की हे मराठी मीडियमवाल्यांना जमणारच नाही का, मेलचं काम दिराकडे देऊन टाकू का, का विश्रामबागच्या बाजूचा एक स्पोकन इंग्लिशचा क्लास लावू, फी १८ हजार आहे. आणि ज्या जर्मन बायरला तो ‘हार्डली’वाला मेल गेलाय त्याला आता काय तोंड दाखवू?

सूनबाई, वयानं लहान आहेस म्हणून तू म्हणते, राग मानू नकोस.

आधी चार गोलांचा निकाल सांगते म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. चारातल्या दोन चुका खऱ्या आहेत. तिसरी, ‘रिप्लाय क्विक’वाली, तिला चूक म्हणायचं का नाही यावर माणसं वाद घालत बसतील. आणि चौथी तुझी नाहीच, ती तुझ्या दिराची आहे. ‘फास्टली’ असं आजच्या इंग्रजीत कुणी म्हणत नाही, लिहीतही नाही. ‘मूव्हिंग फास्ट’ हेच बरोबर. पण थांब, लगेच ग्रुपवर जाऊन टाकू नकोस, त्याचं काय करायचं ते खाली सांगते.

आता बघ, ज्याच्या जोरावर तो तुला हसतोय आणि ज्याच्या भीतीनं तू काम सोडायला निघालीस, तो नियम दोघांचा एकच आहे. शेवटी ‘ली’ म्हणजे क्रियाविशेषण. तू तो स्वीटला लावलास आणि त्यानं फास्टला लावला. म्हणजे इंग्लिश मीडियम आणि मराठी मीडियम दोघंही त्याच खड्ड्यात, फरक एवढाच की तो खड्ड्यातून लाल पेन फिरवतोय. त्यामुळे तुझा पहिला प्रश्न, मराठी मीडियमचा, तो मला मुळातच पटत नाही.

तरी त्यात थोडं खरं आहे, तेवढं सांगून टाकते, कारण हा प्रश्न तुझ्या एकटीचा नाही, स्पर्धा परीक्षेची पोरं, स्कॉलरशिपच्या परीक्षेला मुलांना बसवणाऱ्या आया, सगळ्याजणी इथंच अडकतात. आपल्याकडं ‘छान पोरगी’ आणि ‘पोरगी छान गाते’ यात छान जसाच्या तसा राहतो. पहिल्यात तो पोरीबद्दल सांगतो, दुसऱ्यात गाण्याबद्दल, पण शब्दाचं तोंड काही बदलत नाही. आणि ‘चांगला’ तर त्याहून पुढचा, तो चांगला खेळतो, ती चांगली खेळते, म्हणजे सांगायचं असतं खेळण्याबद्दल आणि शब्द वळतो खेळणाऱ्याच्या मागं. त्यामुळं आपल्या कानाला सवयच नाही की काम बदललं म्हणजे शब्दाचा वेष बदलावा. पण सगळीकडं असं नाही बरं का. ‘प्रामाणिक माणूस’ म्हणतेस, पण ‘प्रामाणिकपणे व्यवहार केला’ म्हणतेस ना? तो ‘पणे’ तुला कुणी शिकवला? कुणीच नाही, बोलता बोलता आला. मोठा आवाज, पण मोठ्यानं ओरडला. जोराचा पाऊस, पण जोरात पडला. म्हणजे हा फरक मराठीत आहे, तुझ्या डोक्यात तो पक्का बसलेला आहे, फक्त छान, चांगला, गोड, बारीक असल्या रोजच्या शब्दांना तो दिसत नाही आणि इंग्रजीत नेमक्या तिथंच विचारतात.

मग खरा प्रश्न काय विचारायचा? शब्दाच्या शेपटाकडं बघायचंच नाही. खाकी शर्ट घातला म्हणून कुणी कंडक्टर होत नाही, तिकीट फाडतो तो कंडक्टर. तसं शब्द कोणाबद्दल सांगतोय ते बघायचं. वस्तूबद्दल, माणसाबद्दल सांगत असेल, म्हणजे नामाबद्दल किंवा सर्वनामाबद्दल, तर विशेषण. करण्याबद्दल सांगत असेल, कसं केलं कधी केलं किती केलं, तर क्रियाविशेषण. आणि क्रियाविशेषणाला अजून दोन कामं असतात जी शाळेत घाईत उरकतात, एक म्हणजे दुसऱ्या विशेषणाला तोलणं, ‘एक्स्ट्रीमली ड्राय’ मधलं एक्स्ट्रीमली, आणि एक म्हणजे अख्ख्या वाक्यावर बसणं, ‘अनफॉर्च्युनेटली, द कंटेनर इज लेट’. तिथं अनफॉर्च्युनेटली कंटेनरबद्दल नाही आणि लेटबद्दलही नाही, सगळ्या भानगडीबद्दल आहे.

तुझ्याच पेढीवरचं घे. पिशवीवर ‘फाइन पावडर’ लिहिलंस तर फाइन हे पावडरीबद्दल, विशेषण. ‘फाइनली ग्राउंड टर्मरिक’ लिहिलंस तर कशी दळली, बारीक दळली, क्रियाविशेषण. मराठीत दोन्हीकडं ‘बारीक’च. आणि इथं एक सावधगिरी, स्पेलिंग बघून लिही, कारण एल एकच आणि त्याच्या आधी ई असलेलं फाइनली म्हणजे बारीक, आणि ए आणि दोन एल असलेलं फायनली म्हणजे शेवटी एकदाचं. घाईत दुसरं टाईप झालं की पाकिटावर छापून येणार ‘एकदाची दळलेली हळद’. ॲप पण कधीकधी हे सोडून देतं कारण स्पेलिंग म्हणून शब्द शुद्धच असतो.

आता तुझं पहिलं लाल वाक्य, टेस्ट स्वीटली. इथं तुझं डोकं अगदी सरळ चाललं होतं, टेस्ट हे क्रियापद, क्रियापदाच्या मागं क्रियाविशेषण, म्हणून ली. चुकलीस पण विचार करून चुकलीस, मला हे आवडतं. अडचण अशी की इंग्रजीत काही क्रियापदं काम करतात तेव्हा करतात आणि कधीकधी नुसती ‘आहे’च्या जागेवर बसतात. टेस्ट, स्मेल, लुक, फील, साऊंड, शिवाय सीम, बिकम, टर्न, स्टे, ही सगळी त्यातली. बेदाणे काही चव घेत बसलेले नाहीत, बेदाणे गोड आहेत. गोडपणा बेदाण्याचा, म्हणून विशेषण, ‘अवर रेझिन्स टेस्ट स्वीट’. ‘टेस्ट स्वीटली’ म्हटलं की वाटतं बेदाणे गोडीगुलाबीनं कशाची तरी चव घेतायत.

ताळा कसा करायचा सांगते. त्या क्रियापदाच्या जागी ‘इज’ नाहीतर ‘आर’ ठेवून बघ. रेझिन्स आर स्वीट, चाललं, म्हणजे ली नको. आता सौद्याच्या वेळचं चित्र डोळ्यापुढं आण. खरेदीदार येतो, ढिगातलं एक हळकुंड उचलतो, मोडतो, आतला रंग बघतो, नाकाशी नेतो. इंग्रजीत लिहायचं तर ‘ही लुक्ड ॲट इट क्लोजली’, तो बारकाईनं बघतोय, बघण्याचं काम खरोखर चाललंय, ‘ही वॉज ॲट इट’ म्हटलं तर ते बघणंच वाक्यातून निघून जातं. पण ‘इट लुक्ड ऑरेंज’, कारण इट वॉज ऑरेंज चालतं, हळकुंड कुणाकडं बघत नाहीये, ते केशरी आहे. ‘ही स्मेल्ड इट केअरफुली’, हुंगणारा तो, काळजीपूर्वक हुंगतोय. ‘इट स्मेल्ड गुड’, वास हळकुंडाचा. एकच लुक, एकच स्मेल, एका ओळीत ली आहे आणि पुढच्या ओळीत नाही, आणि तुझं ॲप जे कधी लाव म्हणतं कधी काढ म्हणतं ते बहुतेक याच्यामुळंच. हळदीत चुना कालवला की लाल होते, ‘इट टर्न्स रेड’, रेडली कुणाच्या तोंडातच येत नाही. तिथं तुझा कान आपोआप बरोबर चालतो, मग त्याच कानानं टेस्ट आणि स्मेल ऐक.

एक बारीक अपवाद आत्ताच सांगून ठेवते, नाहीतर दीर उद्या तोच घेऊन येईल. ‘स्मेल्स स्ट्राँग’ बरोबर आणि ‘स्मेल्स स्ट्राँगली ऑफ कॅम्फर’ पण बरोबर. कशाचा वास येतो ते ‘ऑफ’ लावून सांगितलं की स्ट्राँगली चालतं, तिथं वास किती येतोय ते मोजलं जातंय. आणि ‘फील बॅड’, वाईट वाटलं म्हणायचं तर बॅड. पुष्कळ शिकलेली माणसं ‘आय फील बॅडली’ म्हणतात, जास्त शुद्ध वाटतं म्हणून. तू बॅडच लिही.

आता त्या ‘ली’कडं येऊ. ली म्हणजे क्रियाविशेषण असं असतं तर आपली सांगली पण क्रियाविशेषण झाली असती. गंमत सोड, पण इंग्रजीतच बघ, फ्रेंडली, लव्हली, लोनली, कॉस्टली, काऊअर्डली, ही सगळी विशेषणं. ‘फ्रेंडली बायर’, ‘कॉस्टली पॅकिंग’. हे का, तर या ‘ली’ला फार जुना इतिहास आहे, जुन्या इंग्रजीत हा ‘त्याच्यासारखा’, ‘त्या रूपाचा’ अशा अर्थानं जोडायचे आणि त्यातून विशेषणंच व्हायची, मित्रासारखा तो फ्रेंडली. क्रियाविशेषणाचं काम त्याच्याकडं पुढं फार मोठ्या प्रमाणावर आलं. म्हणून एक सोपी युक्ती आहे आणि ती तुझ्या शाळेतल्या नियमापेक्षा किती तरी पटीनं उपयोगाची आहे: ली काढून बघ, मागं काय उरतं? नाम उरलं, फ्रेंड, लव्ह, कॉस्ट, तर शब्द बहुतेक विशेषण. विशेषण उरलं, क्विक, केअरफुल, प्रॉम्प्ट, तर शब्द बहुतेक क्रियाविशेषण. वेळेचे शब्द, डेली, वीकली, मंथली, हे दोन्हीकडं चालतात, ‘वीकली रिपोर्ट’ पण आणि ‘वी शिप वीकली’ पण. ‘टाइमली’ मात्र विशेषण धर, ‘टाइमली पेमेंट’ लिही, ‘पे टाइमली’ लिहू नकोस, तिथं सरळ ‘पे ऑन टाइम’. आणि ‘फ्रेंडलीली’ असलं काही करायच्या भानगडीत पडू नकोस, ‘इन अ फ्रेंडली वे’ लिहून मोकळी हो.

फास्टची गोष्ट याच्या उलटी. जुन्या इंग्रजीत या शब्दाचं क्रियाविशेषण करताना शेवटी एक ‘ए’सारखा स्वर लागायचा. शेकडो वर्षांत तो उच्चारातून गळाला आणि विशेषण आणि क्रियाविशेषण दोन्ही सारखीच उरली. हार्डचं पण तसंच. म्हणून ‘फास्ट ट्रक’ आणि ‘ट्रक मूव्ह्ज फास्ट’, ‘हार्ड वर्क’ आणि ‘वर्क हार्ड’. लेट आणि अर्ली पण दोन्ही कामाला चालतात. परीक्षेच्या पोरांनी तर हे चार शब्द पाठच करावेत, कारण पेपर काढणाऱ्याला फसवायचं असलं की तो अधोरेखित करायला हेच उचलतो.

क्विक आणि स्लो हे अर्धेमुर्धे त्याच जातीचे. ‘ड्राइव्ह स्लो’ रस्त्यावरच्या पाटीवर असतं आणि ते अडाणीपणाचं लक्षण नाही, इंग्रजीत असे बिनशेपटाचे वापर जुने आहेत. ‘रिप्लाय क्विक’ बोलताना चालून जातं, लिहिताना जरा गावठी वाटतं, आणि बायरला लिहायचं असेल तर ‘क्विकली’ बरं. खरं सांगू, क्विकली पण नको. ‘प्लीज रिप्लाय बाय फ्रायडे’ लिही. लवकर म्हणजे कधी ते हॅम्बर्गच्या माणसाला कसं कळणार?

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथं मात्र मी तुला सोडणार नाही. ‘टेस्ट स्वीटली’ वाचून बायर मनात हसेल आणि पुढं जाईल, अर्थ त्याला कळला. पण ‘वर्किंग हार्डली’ वाचून तो घाबरेल, कारण हार्डली म्हणजे कष्टानं नव्हे, जेमतेम, नसल्यातच जमा. तू लिहिलंस ‘आम्ही तुमच्या ऑर्डरवर खपतोय’, त्यानं वाचलं ‘आम्ही तुमच्या ऑर्डरचं फारसं काही करत नाहीये’. म्हणून लाल गोल सगळे सारखे नसतात. काही चुका कपड्यावरच्या सुरकुतीएवढ्या, आणि काहींनी व्यवहार बिघडतो. तुझा वेळ आणि काळजी दुसऱ्या प्रकारावर घाल.

त्या जोड्या फार नाहीत. लेट म्हणजे उशिरा, लेटली म्हणजे अलीकडं, त्यामुळं ‘शिपमेंट विल अराइव्ह लेटली’ म्हणजे काहीच नाही. निअर जवळ, निअरली म्हणजे जवळजवळ, ‘अवर गोडाऊन इज निअरली मार्केट यार्ड’ लिहिलं तर गोडाऊन म्हणजे जवळजवळ मार्केट यार्डच झालं. शॉर्टली म्हणजे थोडक्यात नव्हे, थोड्याच वेळात. हाय म्हणजे उंच, हायली म्हणजे अतिशय. फ्री म्हणजे फुकट, फ्रीली म्हणजे मोकळेपणानं, तेव्हा सॅम्पल पाठवताना ‘वी सेंड सॅम्पल्स फ्रीली’ लिहू नकोस, तो म्हणेल पाठव बाई मोकळ्या हातानं, आणि फुकट का विकत ते विचारायला अजून एक मेल येईल. ‘फ्री ऑफ चार्ज’ लिही.

आणि यातला सगळ्यात घातकी शब्द म्हणजे मोस्टली. हा आपल्या बोलण्यात इतका मुरलाय की इंग्रजी आहे हेच विसरलोय आपण. ‘मोस्टली उद्या येतो’, ‘मोस्टली मिळंल’, आपल्याकडं मोस्टली म्हणजे बहुतेक, शक्यता आहे. इंग्रजीत मोस्टली म्हणजे बराचसा भाग, बहुतांश, शक्यतेशी त्याचा काही संबंध नाही. तू लिहिलंस ‘द कंसाइनमेंट विल मोस्टली लीव्ह ऑन मंडे’, मनात होतं की बहुतेक सोमवारी निघेल, तिकडचा माणूस वाचणार की बराचसा माल सोमवारी निघेल, मग उरलेला कधी? त्याहून वाईट म्हणजे ‘द रेझिन्स आर मोस्टली ड्राइड’. अगं, बेदाण्याच्या धंद्यात ओलावा म्हणजे सगळं, रॅकवर शेडमध्ये पंधरा-पंधरा दिवस वाळवायचं आणि मेलमध्ये स्वतःच लिहायचं की बराचसा वाळलाय, सगळा नाही! ‘मोस्टली क्लीन’चं पण तेच, बायरला वाटणार थोडी घाण आहे. शक्यता सांगायची असेल तर ‘प्रॉबेब्ली’ लिही, आणि व्यवहारात शक्यतो तेही नको, तारीख लिही. हा शब्द ॲप धरत नाही कारण व्याकरणात काही खोट नसते, दीर पण धरणार नाही कारण तोही बोलताना असाच वापरत असणार. तुझे जुने मेल उघड आणि सर्चमध्ये हा एकच शब्द टाकून बघ.

गुड आणि वेलचं दोन ओळीत सांगते. गुड विशेषण, वेल क्रियाविशेषण, ‘गुड पॅकिंग’ पण ‘वेल पॅक्ड’. तब्येतीच्या बाबतीत मात्र वेल विशेषण होतं, ‘आय ॲम नॉट वेल’. बस.

मग सराव कसा करायचा? मला विचारशील तर पुस्तक नको. तुझ्याकडं बायर लोकांचे आलेले मेल पडलेत ना, त्यातली जी वाक्यं माल, वेळ, पॅकिंग, क्वालिटीबद्दल आहेत ती एका वहीत उतरवून काढ आणि प्रत्येकात वर्णन करणारा शब्द धरून बाण काढ, हा शब्द कोणाकडं बोट करतोय. मालाकडं का कामाकडं. पहिले काही दिवस कंटाळा येईल, मग डोळाच तसा होतो. एक मात्र ध्यानात ठेव, बायरनं लिहिलंय म्हणजे बरोबरच असं धरू नकोस, जर्मन काय, दुबईचा काय, त्यांची पण ही घरची भाषा नाही. जर्मन भाषेत तर ‘गूट’ हा एकच शब्द गुडलाही चालतो आणि वेललाही, अगदी आपल्या छानसारखा, त्यामुळं तो माणूस तुझ्याएवढाच अडखळत शिकला असणार. तुझ्या मनात तो चष्मा लावून ग्रामर तपासत बसलाय. तो बघतोय रेट, ग्रेड, ओलावा किती टक्के आणि माल कधी निघणार.

पाठवायच्या आधी मेल एकदा मोठ्यानं वाच, आणि जिथं क्रियाविशेषण लावलंयस ते काढून वाक्य चालतंय का बघ. अर्ध्या ठिकाणी चालतं. ‘वी विल इमिजिएटली अँड अर्जंटली चेक’ यातलं एक तरी उडव. ‘काइंडली’चा पण जरा पाऊस कमी कर, आपल्याकडं प्रत्येक ओळीला काइंडली असतं.

क्लासचं म्हणशील तर तुला बोलायची भीती वाटत असती, फोनवर ततपप होत असतं, तर लाव म्हटलं असतं. पण तुझ्या पत्रात तसं कुठं दिसत नाही, तुला लिहिण्यातल्या एका कोपऱ्याची अडचण आहे आणि स्पोकनच्या क्लासात तो कोपरा एखाद्या तासात उरकतील, उरलेले तास ‘माय नेम इज’ मध्ये जातील. १८ हजार ठेव. फारच वाटलं तर ओळखीतल्या एखाद्या निवृत्त इंग्रजीच्या सरांना नाहीतर बाईंना महिन्यातून एकदा तुझे दहा मेल दाखव, सांगली-मिरजेत अशा माणसांची वाण नाही, आणि त्यांना मान दिलेला आवडतो.

राहिलं मेलचं काम दिराला देऊन टाकायचं. का द्यायचं? सासऱ्यांनी काम तुला दिलंय, ऑर्डरी तुझ्या मेलवर येतायत, हे तूच लिहिलंयस, आणि तरी पत्राच्या शेवटी विचारतेस की सोडू का. मला वाटतं तुला ग्रामरचं दुःख कमी आहे, ग्रुपवर सगळ्यांसमोर गोल होतो त्याचं जास्त आहे, आणि ते दुःख ली लावून किंवा काढून जाणार नाही. उद्या तुझं व्याकरण चोख झालं तर तो स्वल्पविरामाला गोल करेल. तेव्हा त्याच्याशी बोल, पण ग्रुपवर नाही, एकट्याला गाठून, चहा देताना वगैरे. म्हण, ‘भावजी, तुमची नजर चांगली आहे, मेल जायच्या आधी बघून देत जा, गेल्यावर ग्रुपवर टाकून पेढीचा काय फायदा?’ याला तो नाही म्हणू शकत नाही. म्हटलाच तर तेच वाक्य सासऱ्यांच्या समोर म्हणायचं, त्यांना पेढीच्या फायद्याची भाषा लगेच कळते.

आणि फास्टलीचं? ग्रुपवर लाल गोल करून उट्टं काढायची इच्छा होणार, मला पण झाली असती. पण तू काढलंस की हा खेळ कायमचा सुरू. त्याला एकट्याला डिक्शनरीतलं फास्टचं पान पाठव, ‘हे बघा बरं, फास्ट विशेषण पण दिलंय आणि क्रियाविशेषण पण’ एवढंच. एमबीए झालेला माणूस आहे, कळेल त्याला. नणंदेच्या इमोजीचं काही मनाला लावून घेऊ नकोस, तिला फास्ट काय आणि फास्टली काय, दोन्हीला हसायचंच होतं.

जर्मन बायरला वेगळा खुलासा अजिबात पाठवू नकोस, ‘सॉरी फॉर माय इंग्लिश’ तर मुळीच नको. ऑर्डर चालू आहे ना? मग पुढचा मेल कामाचा जाऊ दे: किती टन पॅक झाला, ओलाव्याचा रिपोर्ट सोबत जोडलाय, कंटेनर कुठल्या तारखेला निघतोय. हार्डली त्याच्या लक्षात राहिलं असलं तरी तारीख बघून तो विसरेल. फक्त त्या तारखेच्या आधी मोस्टली टाकू नकोस.